‘होल्ड’ म्हणण्याची नोकरी

रॉकेट प्रक्षेपणाच्या तळावर काम करणाऱ्या इंजिनिअरचं आयुष्य कसं असतं, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी काहींना इथं उत्तरं देते. माझी ओळख थोडक्यात अशी: मी मिरजेची. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आंध्रातल्या श्रीहरिकोट्याला रुजू झाले. निवृत्त होईपर्यंत चेकआउट विभागात होते. रॉकेट पॅडवर उभं असतं तेव्हा त्याच्या पोटातला प्रत्येक व्होल्टेज, दाब, तापमान जमिनीवरच्या कॉम्प्युटरवर वाचत बसायचं, हे आमचं काम.

मी दहावीत आहे. मला रॉकेट सोडणारी इंजिनिअर व्हायचंय. बाबा म्हणतात, एरोस्पेस घेतलं नाही तर इसरोत घेत नाहीत. खरं का? आणि मुलींना लाँच पॅडवर काम देतात का?
*विद्यार्थिनी, अंबाजोगाई*

बाबांना सांग, काळजी नको. माझ्या आसपास एरोस्पेस शिकलेलं कुणी क्वचितच भेटायचं. लाँच पॅड हा आधी जमिनीवरचा एक मोठा कारखाना आहे. रॉकेटच्या ज्वाळा बाजूला वळवणारा काँक्रीटचा खोल मार्ग बांधायला आणि सांभाळायला सिव्हिलची माणसं लागतात. पाइपलाइनी, व्हॉल्व्ह, चाकांवर सरकणारा अजस्र मनोरा ही मेकॅनिकलची कामं. पीएसएलव्ही या इसरोच्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात भरतात ती द्रवं विषारी असतात आणि क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, टप्प्यातला द्रव हायड्रोजन उणे 253 अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो. तिथं केमिकलवाले हवेत. टोकाच्या हीट शील्डमध्ये उपग्रह बसवला की त्याला उड्डाणापर्यंत थंड, कोरडी, गाळलेली हवा अखंड पुरवायची असते, म्हणून रेफ्रिजरेशन शिकलेले लोकही लागतात. बाकी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर. आवडेल ती शाखा घे, फक्त ती मन लावून शिक.

रस्ते दोन. बारावीनंतर जेईई ॲडव्हान्स्ड देऊन तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत जाता येतं. ही अंतराळ खात्याची स्वतःची संस्था, 2007 साली सुरू झाली. दुसरा रस्ता आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींचा: कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून बीई किंवा बीटेक, निदान 65 टक्के गुण, मग इसरोच्या केंद्रीय भरतीची लेखी परीक्षा आणि मुलाखत. पद असतं ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’. मुलाखतीत पाठांतर फार वेळ टिकत नाही. तू केलेल्या प्रोजेक्टमधला एखादा रेझिस्टर तिथं का बसवला, इतकं साधं विचारतात आणि तिथंच कस लागतो. म्हणून आत्तापासून मल्टिमीटर हातात घे. सोल्डरिंग शीक. बंद पडलेला रेडिओ उघडून बघ. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा छोटा उपग्रह बनवला होता, तो 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 मधून गेला. कॉलेजात असा एखादा गट असेल तर पहिल्याच वर्षी त्यात शीर.

तुझ्यापेक्षा लहान भावंडं असतील तर त्यांना ‘युविका’बद्दल सांग. नववीच्या मुलांना इसरोच्या केंद्रांवर नेऊन शिकवण्याचा हा उपक्रम 2019 पासून चालतो.

मुलींना पॅडवर काम देतात. मी रात्री-अपरात्री हेल्मेट घालून मनोऱ्यावर चढले आहे, माझ्यानंतर आलेल्या मुलीही चढतात. टीव्हीवर उड्डाण बघताना उलटी मोजणी ऐकलीस ना? अनेक वर्षं तो आवाज आमच्या वलरमथी मॅडमचा होता. 2023 साली त्या गेल्या. त्यांच्या आवाजात घाई कधी आली नाही, आणि त्यामुळे आमच्याही हातांना येत नसे.

मुलाची इसरोत निवड झाली, घरात पेढे वाटले. पण नेमणूक बंगळूरऐवजी श्रीहरिकोट्याला आली. त्याची आई रोज विचारते, त्या जंगलातल्या बेटावर पोरगं राहणार कसं? तुम्ही खरं काय ते सांगा.
*एक वडील, इचलकरंजी*

वहिनींना आधी हे सांगा की मुलाचं नशीब उत्तम आहे. बंगळूरला उपग्रह बनतात, तिरुवनंतपुरमला रॉकेटची रचना होते, महेंद्रगिरीला द्रव इंधनाच्या इंजिनांच्या चाचण्या होतात. पण हे सगळे भाग एकत्र येऊन रॉकेट उभं राहतं ते श्रीहरिकोट्यालाच. नव्या इंजिनिअरला अख्खं वाहन डोळ्यांसमोर बघायला मिळतं, ते दुसरीकडं मिळणार नाही.

आता जागेचं. पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधलं हे लांबट बेट. जवळचं गाव सुळ्ळूरपेटा, मुख्य भूमीवर. तिथून सरोवरातून गेलेल्या रस्त्यानं बेटावर जायचं. सुळ्ळूरपेट्याहून चेन्नईला लोकल जाते. कर्मचाऱ्यांची वसाहत, शाळा, दवाखाना, कँटीन, ने-आण करणाऱ्या बस, सगळं आहे. हिवाळ्यात त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. जवळच्या नेलपट्टूला झोळीवाले, म्हणजे पेलिकन, उतरतात. कामाला जाताना रोज हे दिसतं.

त्रासाचंही सांगते, कारण तुम्ही खरं विचारलंत. उन्हाळ्यातला दमटपणा अंगावर येतो. आपला पाऊस संपतो तेव्हा तिथला सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धो धो कोसळतो, वादळं येतात. मोहीम सुरू असली की दिवाळी, गणपती, घरातलं लग्न कशालाच सुट्टीची खात्री नसते. भाकरी आणि खरडा आठवून डोळ्यांत पाणी येण्याचे दिवस पहिल्या वर्षी मलाही आले. मुलाला चार वाक्यं तेलुगू आणि चार वाक्यं तमिळ शिकून जायला सांगा. कँटीनमधल्या मावशीशी तिच्या भाषेत बोलता आलं की निम्मं परकेपण जातं.

आणखी एक, आपल्या भागाचं नातं आहे म्हणून सांगते. पूर्व किनाऱ्यावर अशी जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंच्या बरोबर एकनाथ चिटणीस होते, जन्मानं कोल्हापूरचे. बेटावरून पहिलं छोटं रोहिणी रॉकेट 9 ऑक्टोबर 1971 रोजी उडालं. इचलकरंजीहून जाणारा तुमचा मुलगा काही अनोळखी वाटेनं निघालेला नाही.

15 जुलै 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 बघायला नातवंडांना घेऊन जागा राहिलो. तासाभरावर आलेलं उड्डाण रद्द झालं. महिनोन्‌महिने तपासणी करूनही शेवटच्या तासाला बिघाड कसा निघतो? आणि समोर राष्ट्रपती बसलेले असताना ‘थांबा’ म्हणण्याचं धाडस कोण करतं?
*निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण*

सर, या कामाचं मर्मच तुम्ही विचारलंत. जरा सविस्तर लिहिते.

त्या पहाटे 56 मिनिटं 24 सेकंद उरलेली असताना मोजणी थांबली. तपासणीत ढिलाई होती असा त्याचा अर्थ नाही. कित्येक गोष्टी शेवटच्या काही तासांतच आपल्या खऱ्या रूपात येतात. तोपर्यंत टाक्या रिकाम्या असतात, मग त्या भरतात. धातू साध्या तापमानाला असतो, मग तो उणे 253 अंशांचं हायड्रोजन पोटात घेतो आणि आकसतो. सील आकसतात, सांधे हलतात. टाक्यांत दाब चढवला जातो. जमिनीवरून मिळणारी वीज काढून रॉकेट स्वतःच्या बॅटरीवर जातं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर हवा भरल्याशिवाय सापडत नाही, तसं हे आहे.

19 ऑगस्ट 2013 ला जीएसएलव्ही-डी5 या रॉकेटच्या वेळी नेमकं हेच झालं. दुसऱ्या टप्प्याच्या टाकीत दाब वाढवला आणि इंधनाची गळती दिसली. उड्डाणाला सव्वा तास होता. थांबवलं. इंधन उपसलं, रॉकेट पॅडवरून जुळणीच्या इमारतीत परत नेलं, दुसरा टप्पाच नवा बसवला, टाकीचा मिश्रधातूही बदलला. 5 जानेवारी 2014 ला तेच वाहन जीसॅट-14 घेऊन गेलं आणि भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक इंजिनाचं पहिलं यश पदरात पडलं. ऑगस्टमध्ये ‘बघू, जाईल’ म्हटलं असतं तर जानेवारीचा तो दिवस आलाच नसता.

त्याहून थरारक 28 मार्च 2001. पहिली जीएसएलव्ही. चारही बाजूंची द्रव इंधनाची इंजिनं पेटली. मधला घन इंधनाचा टप्पा अजून पेटायचा होता. हा क्रम मुद्दाम असा ठेवलेला असतो, कारण द्रव इंजिन पेटवून बंद करता येतं, घन इंधन एकदा पेटलं की कुणाच्या बापाला विझवता येत नाही. तर त्या काही सेकंदांत कॉम्प्युटरनं ओळखलं की चारांपैकी एका इंजिनाला पुरेसा जोर येत नाहीये, आणि त्यानं सगळं बंद केलं. रॉकेट पॅडवर उभंच राहिलं. 18 एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांत, तेच रॉकेट उडालं. वर्तमानपत्रांत पहिल्या दिवशी ‘अपयश’ छापून आलं होतं. मला ते आजही पटत नाही. ज्या यंत्रणेनं अख्खं वाहन वाचवलं ती त्या दिवशी शंभर टक्के यशस्वी झाली होती.

अलीकडचं तुम्हाला आठवत असेल: 21 ऑक्टोबर 2023, गगनयानची टीव्ही-डी1 चाचणी. पाच सेकंद उरले असताना कॉम्प्युटरनं ‘होल्ड’, म्हणजे ‘थांबा’, दिला. कारण सापडलं, दुरुस्त झालं, आणि त्याच सकाळी दहा वाजता उड्डाण पार पडलं.

आता, कोण थांबवतं. अंतिम परवानगी लाँच ऑथरायझेशन बोर्ड देतं, मोहिमेची सूत्रं मिशन डायरेक्टरकडे असतात. शेवटची काही मिनिटं सगळा ताबा कॉम्प्युटरकडे जातो, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर एकही आकडा गेला तर तो कुणाला न विचारता थांबतो. पण त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस तासांत प्रत्येक यंत्रणेच्या कन्सोलवर बसलेल्या माणसाला ‘होल्ड’ म्हणण्याचा हक्क असतो. तो कितीही ज्युनिअर असो. तो म्हणाला की मोजणी थांबते आणि वरिष्ठ त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहतात. आधी आकडा बघतात. रागावणं वगैरे मी तरी पाहिलं नाही.

हे धाडस म्हणून अंगी येत नाही सर, सवय म्हणून येतं. माझ्या पहिल्या गटप्रमुखांनी मला एक जाड वही दिली होती. प्रत्येक चाचणीत आकडा जसा दिसला तसाच लिहायचा, गोल करायचा नाही. पुढं एका सरावाच्या मोजणीत एक व्होल्टेज मर्यादेत होतं, हिरवं होतं, सगळे पुढं जायच्या बेतात होते. पण वहीत मागच्या तीन चाचण्यांपेक्षा ते थोडं थोडं खाली येत गेलेलं दिसत होतं. मी ते लूपवर, म्हणजे सगळ्यांच्या हेडसेटवर, सांगितलं. मोजणी थांबली, मनोऱ्यावर माणसं गेली, आणि एका कनेक्टरच्या पिनेवर खाऱ्या हवेनं धरलेला हिरवट थर सापडला. नव्या मुलांना मी नेहमी हे सांगायचे: मर्यादा कॉम्प्युटर बघतोच, तुम्ही आकड्याची चाल बघा.

राष्ट्रपतींचं म्हणाल तर, कंट्रोल रूममध्ये आपल्या पडद्यापलीकडं कोण बसलंय याचं भान राहत नाही. कानाला हेडसेट असतो आणि समोर शंभर आकडे. पाहुण्यांच्या गॅलरीची काच मागच्या बाजूला असते.

तुमच्या नातवंडांना सांगा, 22 जुलैला दुपारी ते यान गेलं ना? त्या पहाटे त्यांनी जे पाहिलं तेही प्रक्षेपणाचंच काम होतं.

रॉकेट भरकटलं तर ते हवेतच उडवून देतात म्हणे. बटण दाबणाऱ्या माणसाला काय वाटत असेल?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर*

ते काम रेंज सेफ्टीचं. या विभागाबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं, आणि मला त्यांच्याविषयी कमालीचा आदर आहे. रडारवरून रॉकेटचा मार्ग क्षणाक्षणाला बघायचा, आत्ता इंजिन बंद पडलं तर तुकडे कुठं पडतील याचा नकाशा समोर ठेवायचा, आणि तो बिंदू वस्तीकडं सरकू लागला तर वाहन नष्ट करण्याचा आदेश द्यायचा. 10 जुलै 2006 ला आणि 25 डिसेंबर 2010 ला जीएसएलव्ही उपसागरावर नष्ट झालं, दोन्ही वेळा आत दळणवळणाचा उपग्रह होता. 2010 साली नियंत्रणाचे संकेत नेणारे कनेक्टर उड्डाणात तुटले आणि मिनिटाभरात निर्णय घ्यावा लागला. शेकडो लोकांची वर्षांची मेहनत. पण किनाऱ्यावर मासेमारांची गावं आहेत. तिथं एक तुकडाही पडला नाही. त्या खुर्चीतल्या माणसाला काय वाटलं हे मी त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांच्या ताटात कुणीतरी न बोलता आपल्या वाटणीचं गोड वाढलं, एवढं मी पाहिलं आहे.

याच सुरक्षेपायी पीएसएलव्हीला ध्रुवीय कक्षेत जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. वळण म्हणजे जादा इंधन. लहान रॉकेटला ते झेपत नाही, म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला दुसरा तळ होतोय. तिथून थेट दक्षिणेला समुद्रावरून जाता येईल. तू शिकून बाहेर पडशील तेव्हा तिथं माणसं लागणार आहेत, लक्ष ठेव.

मी डिप्लोमा केलाय, भाऊ आयटीआय फिटर आहे. आमच्यासारख्यांना रॉकेटच्या कामात जागा असते का, की फक्त मोठ्या डिग्रीवाल्यांना?
*भोसरी*

असते, आणि मानाची असते. प्रथम श्रेणीचा डिप्लोमा असेल तर ‘टेक्निकल असिस्टंट’, आयटीआयसाठी ‘टेक्निशियन’ अशा जाहिराती श्रीहरिकोट्याचं केंद्र स्वतंत्रपणे काढतं. पॅडवर बोल्ट किती टॉर्कला आवळायचा हे कागदावर लिहिलेलं असतं, पण आवळणाऱ्याच्या हाताला तो नीट बसला नाही हे आधी कळतं. अशा हातांच्या भरवशावर मी काम केलं.

आणि रॉकेटचं काम आंध्रातच होतं असंही नाही. पीएसएलव्हीच्या मोटरची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात. रॉकेटचं द्रव इंधनाचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतं. भोसरीहून वालचंदनगर किती लांब आहे? भावाला तिथंही अर्ज करू दे.

चेन्नईच्या एका खासगी रॉकेट कंपनीत नोकरी मिळते आहे. इसरोची परीक्षाही द्यायची आहे. कुठं जाऊ?
*मेकॅनिकल इंजिनिअर, पुणे*

तुझं वय पंचविशीच्या आत असेल तर कंपनीत जा आणि परीक्षाही दे. इसरोच्या या पदाला वयाची अट 28 आहे, अजून वेळ आहे.

फरक असा. इसरोत तू एका यंत्रणेत खोल उतरशील, आणि चाळीस वर्षांच्या नोंदी तुझ्या पाठीशी असतील. छोट्या कंपनीत सकाळी व्हॉल्व्ह खरेदी, दुपारी त्याची चाचणी, रात्री पॅडवर जोडणी, सगळं तुझ्याच गळ्यात येईल. दोन वर्षांत खूप शिकशील, थकशीलही. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून गेलं. अग्निकुलनं तर तिथं स्वतःचा पॅड बांधला आणि 30 मे 2024 ला पहिलं उड्डाण केलं. त्याआधी त्यांनी ते अनेकदा थांबवलं होतं, काही वेळा अगदी शेवटच्या क्षणी. मला तेव्हा त्या मुलांचं फार कौतुक वाटलं. गुंतवणूकदारांचे पैसे लागलेले असताना थांबणं आमच्यापेक्षा अवघड.

म्हणून मुलाखतीत तूच त्यांना एक प्रश्न विचार: शेवटचं ‘होल्ड’ कुणी दिलं होतं आणि नंतर त्याचं काय झालं? उत्तर मोकळेपणानं आलं तर बिनधास्त रुजू हो. टाळाटाळ झाली तर दुसरीकडं बघ.

पगार किती?
*बार्शी*

इंजिनिअरची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 10 वर होते, मूळ वेतन 56,100 रुपये. महागाई भत्ता वगैरे वेगळा. आयटीतल्या मित्रांपेक्षा काही वर्षांत तू मागं पडशील. घर चालतं, मुलं शिकतात. माझी शिकली.

आम्हाला मुलांना घेऊन प्रत्यक्ष उड्डाण बघायला जायचंय. सामान्य माणसाला आत सोडतात का?
*डोंबिवली*

सोडतात. 2019 पासून श्रीहरिकोट्याला प्रेक्षकांसाठी खुली गॅलरी आहे, सुरुवातीलाच पाच हजार माणसांची सोय होती. उड्डाणाच्या आधी इसरोच्या संकेतस्थळावर नोंदणी सुरू होते, ती लवकर भरते, तेव्हा लक्ष ठेवून राहा. ओळखपत्र सगळ्यांचं घ्या. मुंबईहून चेन्नई, तिथून सुळ्ळूरपेटा. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, सावली कमी आहे. लहान मुलांना आधी समजावून ठेवा की रॉकेट वर जाताना दिसेल आणि आवाज काही सेकंद उशिरा येईल, छातीत बसेल असा येईल, घाबरायचं नाही. शक्य असेल तर रात्रीचं उड्डाण निवडा. आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.